पौर्णिमेला नव्हे, षष्ठीला: सोलापूरच्या गच्चीवरून अपोलोच्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुळे सोलापूरमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी आठवीतल्या मुलीसाठी ७० मिलिमीटरची दुर्बीण घेतली. मुलीला अपोलोचं, म्हणजे माणसं चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकी मोहिमांचं, वेड आहे. पौर्णिमेला गच्चीवर दुर्बीण लावली तर चंद्र नुसता पांढराफेक दिसला, डोळे दिपले आणि पोरगी हिरमुसली. माणसं उतरली त्या जागा दिसतील का, झेंडा दिसेल का, त्यासाठी शहराबाहेर जावं लागेल का, की मोठी दुर्बीण घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, दुर्बीण ठीक आहे, रात्र चुकली. पौर्णिमेला चंद्र पाहायचा तो कोजागरीचं दूध पिताना, दुर्बिणीतून नाही. त्या दिवशी सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो. सावल्याच नसतात, मग डोंगर कुठला नि खड्डा कुठला, काही कळत नाही. आपली सोलापुरी चादर भर उन्हात वाळत टाकली की नुसते रंग दिसतात. तीच संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, विणीचा उठाव दिसतो. चंद्राचंही तेच. जिथे उजेड आणि अंधाराची सीमा असते तिथे सूर्य नुकता उगवलेला असतो आणि छोट्याशा टेकडीचीही सावली लांबवर पडते. दुर्बीण त्या सीमेवर लावायची.

आता गंमत अशी, की अपोलोवाल्यांनाही नेमका हाच उजेड हवा होता. सहाच्या सहा यानं चंद्रावर उतरली ती त्या त्या जागी सकाळ असताना. सूर्य क्षितिजापासून साधारण ५ ते १४ अंश वर असावा, असा हिशेब धरून उड्डाणाची तारीख ठरायची. यान पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत यायचं, म्हणजे सूर्य पाठीशी. ऊन पाठीमागून पण तिरपं, त्यामुळे समोरच्या दगडधोंड्यांच्या सावल्या वैमानिकाला दिसायच्या. सूर्य फार वर असता तर जमीन सपाट भासली असती, तुम्हाला पौर्णिमेला भासली तशीच. नील आर्मस्ट्राँगला शेवटच्या मिनिटांत समोर दगडांनी भरलेला खड्डा दिसला आणि त्याने यान हाताने चालवत पुढे नेलं, ते या सावल्यांच्याच जिवावर. शिवाय चंद्रावरच्या दुपारी जमीन १०० अंशांच्या वर तापते, सकाळी ती सोसण्याजोगी असते.

म्हणजे योग्य रात्री दुर्बीण लावली, तर ती जमीन तुमच्या मुलीला ज्या उजेडात ते उतरले त्याच उजेडात दिसेल. माझ्या लेखी झेंडा शोधण्यापेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे.

योग्य रात्र कोणती, हे शोधायला मोबाइलवरचं ॲप लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकणं. अमावस्या संपल्यावर प्रत्येक तिथीला उजेडाची कड चंद्रावर तेवढीच, १२ अंश, पुढे सरकते. अपोलो ११ उतरलं ती जागा चंद्राच्या मधल्या रेषेपासून साडेतेवीस अंश पूर्वेला आहे. अमावस्येला उजेडाची कड त्या मधल्या रेषेच्या ९० अंश पूर्वेला असते, म्हणून ९० मधून ते वजा करा, साडेसहासष्ट उरतात. त्याला १२ ने भागलं की साडेपाच, म्हणजे सहावी तिथी अर्धी झाली की तिथे सूर्य उगवतो. षष्ठी. चंद्र आपल्याकडे तोंड करून असला तरी थोडा डावी-उजवीकडे डुलतो, सात-आठ अंशांपर्यंत. त्यामुळे कधी अर्धा दिवस इकडे, कधी तिकडे. षष्ठीला जागा अंधारात दिसली तर सप्तमीला पुन्हा बघायचं, बास. कॅलेंडरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते, तेव्हा संध्याकाळी कुठली चालू आहे हे समाप्तीच्या वेळेवरून बघून घ्या.

याच हिशेबाने सगळ्या जागा लावल्या की षष्ठी ते एकादशी अशी एक माळ तयार होते. षष्ठीला अपोलो १७ आणि ११, सप्तमी-अष्टमीला १६, अष्टमी-नवमीला १५, दशमीला १४ आणि दशमी-एकादशीला १२. दर महिन्याला शुक्ल पक्षात, संध्याकाळी सात ते नऊ, जेवणाआधी. शाळा बुडत नाही, जागरण होत नाही.

अपोलो ११ ची जागा कशी गाठायची ते नीट सांगतो, कारण बाकीच्या जागा मग तिच्यावरून सापडतात. सर्वात कमी शक्तीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा (नेत्रिकेवर जितका मोठा आकडा, तितकी शक्ती कमी). उजेडाच्या सीमेजवळ, चंद्राच्या मध्यापासून थोडं दक्षिणेला तीन मोठी विवरं एकाला एक लागून दिसतील: थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. थिओफिलस सर्वात उठावदार, जवळपास १०० किलोमीटर रुंद, मधोमध डोंगर. षष्ठीला त्याचा तळ काळा असतो आणि मधल्या डोंगराचं टोक तेवढं ठिणगीसारखं उजळलेलं असतं. तिथून उत्तरेकडे सरका. खडबडीत जमीन संपते आणि शांतिसागराचं करडं, गुळगुळीत मैदान सुरू होतं. त्या मैदानाच्या काठावर ३० किलोमीटरच्या आसपासची दोन विवरं जुळ्या भावांसारखी शेजारी बसली आहेत, रिटर आणि सॅबिन. सॅबिनपासून पूर्वेला, त्याच्या रुंदीच्या तीन-साडेतीनपट अंतर मोजा. तिथे काही नाही. सपाट मैदान. तीच जागा.

जरा दक्षिणेला मोल्टके नावाचं साडेसहा किलोमीटरचं छोटं विवर आहे. हवा स्थिर असेल तर तुमच्या ७० मिलिमीटरमधून ते टाचणीच्या टोकाएवढं दिसेल. जागेच्या उत्तरेला ऑल्ड्रिन, कॉलिन्स, आर्मस्ट्राँग अशी, अपोलो ११ च्या तिघांच्या नावाची, तीन चिमुकली विवरं ओळीने आहेत. त्यांतलं सर्वात मोठं आर्मस्ट्राँग, तेही साडेचार किलोमीटरचं. ती दिसायला दीडशे मिलिमीटरची दुर्बीण आणि चांगली रात्र लागते. एक सूचना: चंद्रावरची पूर्व म्हणजे आपल्या आकाशातली पश्चिमेकडची बाजू. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो, त्यात दुर्बीण चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं दाखवते. म्हणून नकाशा हातात घेऊन आधी तो दुर्बिणीतल्या चित्राशी जुळेल असा फिरवून घ्या आणि मगच शोधायला लागा.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. २० जुलै १९६९ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे २१ तारखेच्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी, ते उतरले तेव्हा आषाढ शुद्ध षष्ठी होती. षष्ठीचा चंद्र रात्री अकराच्या सुमारास मावळतो. म्हणजे यान उतरलं तेव्हा चंद्र सोलापूरच्या आकाशात नव्हताच. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं, तेव्हाही तो उगवायचा होता. आषाढ असल्यामुळे पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. आणि २४ जुलैला रात्री सव्वादहानंतर तिघे प्रशांत महासागरात उतरले ती दशमीची रात्र, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. आपला जिल्हा त्या आठवड्यात दुसऱ्याच गडबडीत होता. मी तेव्हा शाळेत. टीव्हीवर बघितलं असं कुणी सोलापूरकर सांगत असेल तर त्याला विचारा, कुठल्या टीव्हीवर? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि शेवटचं अपोलो उडालं त्याच डिसेंबरात. आमच्यासाठी अपोलो म्हणजे खरखरणारा रेडिओ आणि पेपरातले धुरकट फोटो. वेड लागायला तेवढं पुरलं.

अपोलो १२ तर १९ नोव्हेंबर १९६९ ला, कार्तिकी एकादशीच्या तोंडावर उतरलं. पीट कॉनराड आणि ॲलन बीन. उड्डाण होताच यानावर वीज पडली होती, तरी पुढे गेले आणि आधीपासून तिथे असलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून जेमतेम १६० मीटरवर उतरले. कार्तिकीला आपल्याकडे आभाळ सहसा मोकळं असतं, तेव्हा ही जागा त्या रात्री बघायचा परिपाठ ठेवायला हरकत नाही. कोपर्निकस हे देखणं विवर आधी शोधा, मग दक्षिणेला लान्सबर्ग. त्याच्या आग्नेयेला अपोलो १२. अपोलो १४ तिथून पूर्वेला, फ्रा मॉरो या झिजलेल्या विवराजवळ. अपोलो १३ लाही तिथेच जायचं होतं.

सर्वांत सुंदर मात्र अपोलो १५ ची जागा. अष्टमीला अर्धा चंद्र असतो, त्याच्या उत्तर भागात, उजेडाच्या सीमेला चिकटून ॲपेनाइन डोंगरांची कमान दिसते. अंधारात बुडालेल्या बाजूलाही शिखरांची टोकं सुटी सुटी चमकत असतात, कारण खाली रात्र असताना वर ऊन पोहोचलेलं असतं. यातली काही शिखरं पायथ्यापासून चार-पाच किलोमीटर उंच. १९७१ च्या जुलै अखेरीस डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन या डोंगरांच्या कुशीत उतरले आणि पहिल्यांदाच चंद्रावर गाडी चालवली. शेजारी हॅडली नावाची नागमोडी घळ आहे, सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि ३०० मीटर खोल, लाव्हारसाने कोरलेली. तुमच्या दुर्बिणीतून ती दिसणार नाही. डोंगर मात्र असे दिसतील की मुलगी नेत्रिकेवरचा डोळा काढणार नाही. घळ बघायला सहा-आठ इंची आरशाची दुर्बीण आणि नशीब दोन्ही लागतं, हवा शांत झाली की दोन-तीन सेकंद केसासारखी रेघ उमटते आणि पुन्हा विरघळते.

अपोलो १७ साठी सेरेनिटाटिस या गोल मैदानाचा आग्नेय काठ बघा, डोंगरांच्या बेचक्यातली दरी आहे. अपोलो १६ ची जागा शोधण्यात मला कधी फारशी मजा आली नाही. डोंगराळ भाग, ठळक खूण नाही. शास्त्रज्ञांना तिथे ज्वालामुखीचे खडक मिळतील असं वाटलं होतं, मिळाले ते उल्कांच्या माऱ्याने फुटून पुन्हा जुळलेले.

आता झेंडा. नाही दिसणार, आणि जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाही. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. यानाचा जो भाग मागे राहिला तो चारेक मीटर रुंद, पाय धरून नऊ. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तिलाही चंद्रावरची साधारण ९० मीटरपेक्षा लहान वस्तू सुटी दिसत नाही. तुमच्या दुर्बिणीची मर्यादा तीन किलोमीटर. दुर्बिणीतून झेंडा दिसत नाही म्हणजे कुणी गेलंच नाही, असं सांगणारा एक काका प्रत्येक वस्तीत असतो. त्यांना हा हिशेब घालून दाखवा. जवळून बघायचं काम नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने केलं. २००९ पासून तो चंद्राभोवती फिरतोय आणि त्याच्या फोटोंत यानांचे उरलेले भाग, गाडी आणि चालण्याच्या पाऊलवाटासुद्धा दिसतात. १२, १६ आणि १७ च्या झेंड्यांच्या सावल्याही दिसतात. अपोलो ११ चा झेंडा मात्र यान परत उडताना पडला, असं ऑल्ड्रिननेच सांगितलं होतं. ११, १४ आणि १५ च्या माणसांनी ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसर मारून आजही अंतर मोजतात, त्यावरूनच चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय हे कळलं.

मुलीने चांद्रयानाबद्दल विचारलं तर तोच नियम लावा. चांद्रयान ३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. श्रावण शुद्ध सप्तमी. यानाला सौरऊर्जेवर चालायचं होतं, म्हणून तिथला सूर्योदय साधला. त्या वेळी चंद्र आपल्या दक्षिण आकाशात होता, १९६९ सारखा गैरहजर नव्हता. जागा दक्षिण ध्रुवाकडे, ६९ अंशांवर, अगदी कडेजवळ. सप्तमी-अष्टमीला तो भाग विवरांनी इतका गजबजलेला दिसतो की बोट ठेवून दाखवणं अवघड. नासाच्या नव्या आर्टेमिस मोहिमांच्या माणसांना दक्षिण ध्रुवाच्याच परिसरात उतरवायचं आहे. तिथे सूर्य कायमच क्षितिजाला घासून फिरतो.

सोलापूरबद्दल. चंद्रासाठी शहराबाहेर जायची काहीही गरज नाही. चंद्र इतका उजळ असतो की रस्त्यावरच्या दिव्यांनी फरक पडत नाही. उलट गच्चीवर एखादा मंद दिवा असला तर डोळे कमी दिपतात. त्रास होतो तो हवेचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि चंद्र पाण्याखाली असल्यासारखा लहरतो. एप्रिल-मेमध्ये तर विचारू नका. झोपायला गच्ची गार करतो तसं दोन तास आधी पाणी शिंपडावं, असं मी सांगितलं असतं, पण चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा दुर्बीण अंगणात मातीवर लावा. जुन्या घराचं माळवद असेल तर उत्तम, माती स्लॅबइतकी तापून राहत नाही. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर ठेवा, घराची नि बाहेरची हवा तिला एक होऊ द्या.

आपला अक्षांश साडेसतरा. फाल्गुन-चैत्रात षष्ठी ते नवमीचा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे मधे हवेचा थर सर्वात पातळ. युरोपातल्या हौशी लोकांना हे सुख नाही. मान मात्र मोडते. दुर्बिणीला काटकोनात वळवणारा छोटा आरसा आला असेल तो लावा आणि बसायला बुटकं स्टूल घ्या. भाद्रपदात हाच चंद्र दक्षिणेला खाली असतो. पावसाळ्यात मात्र आपण पर्जन्यछायेतले, ढग फाटतात तेव्हा संधी साधायची.

गावाबाहेर जायचं ते ताऱ्यांसाठी, आणि तिथेही तुमच्या मुलीचं अपोलो भेटेल. जानेवारीत नान्नज किंवा अक्कलकोटकडे कुणाच्या शेतात हुरड्याला गेलात तर रात्री थांबा. अपोलोचे वैमानिक दिशा पक्की करायला यानातल्या सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्रातून तारे बघत. त्यांच्या यादीत ३७ तारे होते. व्याध, रोहिणी, दक्षिणेकडचा अगस्त्य, सगळे आपल्या ओळखीचे. पण तीन नावं कुठल्याच जुन्या नकाशात नव्हती: नावी, डनोसेस आणि रेगोर. वैमानिक गस ग्रिसमने केलेली थट्टा ती. स्वतःचं मधलं नाव आयव्हन, एड व्हाइटच्या नावापुढचं ‘सेकंड’ आणि रॉजर चॅफीचं रॉजर, ही इंग्रजी अक्षरं उलटी लिहून त्याने यादीत घुसवली. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवर सराव चालू असताना अपोलो १ ला आग लागून तिघेही गेले आणि नावं राहिली. पुढच्या वैमानिकांनी तीच वापरली.

हे तिन्ही तारे त्याच तारखेला, रात्री दहाच्या सुमारास, सोलापुरातून एकाच वेळी दिसतात. वायव्येला शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांतला मधला, तो नावी. ईशान्येला वर येणाऱ्या सप्तर्षींच्या अस्वलाच्या पुढच्या पायातला मंदसा, तो डनोसेस. आणि दक्षिणेला अगस्त्य दिसला की त्याच्या डावीकडे, थोडा खाली, रेगोर. लंडनमधून रेगोर क्षितिजावर येतच नाही, न्यूयॉर्कमधूनही जेमतेम दोन अंश वर येतो. त्या रात्री चंद्र नसलेला बरा.

मोठी दुर्बीण आत्ता घेऊ नका. आहे तिच्यातून षष्ठी ते एकादशी अशा तीन-चार महिन्यांच्या माळा होऊ द्या, मुलीला वहीत पेन्सिलने चित्रं काढू द्या. नंतरही भूक राहिली तर सहा इंची डॉब्सोनियन घ्या, लाकडी पेटीवर फिरणारी, तिला मोटर वगैरे काही नको. खोक्यावर ‘५२५ पट मोठं’ असं छापलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका, भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे तुमच्यासाठी १४० पट, याच्या पुढे चित्र फक्त धुरकट होतं. आणि खोक्यात नेत्रिकेवर बसवायची गडद काच आली असेल, सूर्य बघण्यासाठी म्हणून, तर ती आजच फोडून टाका. उन्हाच्या झोताने ती तडकते आणि मागे डोळा असतो.